फडताळातलं संशोधन

आंजर्ल्यात वही-पेन घेऊन फिरणारा परका माणूस दोन प्रकारचा असतो. एक जमीन बघायला आलेला, दुसरा संशोधन करायला आलेला. लांबून दोघे सारखेच दिसतात. दोघांच्या डोक्यावर कापडी टोपी, पायात पाखाडीवर घसरणारे बूट, आणि दोघेही कुत्र्याला 'अहो' म्हणतील इतके घाबरलेले. तोंड उघडलं की फरक कळतो. जमीनवाला विचारतो, "विहिरीला मेअखेर पाणी असतं का?" संशोधक विचारतो, "घरात शौचालय आहे का?" आम्ही दोघांनाही पडवीत बसवतो, कोकम सरबत देतो, आणि दोघांनाही खरं काही सांगत नाही.

ह्यातल्या दुसऱ्या प्रकाराची आवक कासवांनी वाढवली. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ साली वेळासला ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी राखायला सुरुवात केली, आणि ते लोण पुढे आमच्या किनाऱ्यावर आलं. पूर्वी जी अंडी लोक उकरून नेत, त्यांच्यासाठी आता गावातली पोरं कासवमित्र होऊन रात्री-पहाटे वाळू तुडवतात. सापडलेली अंडी जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत पुन्हा पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात, आणि ती समुद्राकडे जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं दोरीच्या अलीकडे श्वास रोखून उभी राहतात. श्वास सोडला की त्यांना भूक लागते. मग मोदक, सोलकढी, झोपायला खोली. अशा रीतीने कासवाने अंडी घातली आणि होमस्टे उबले.

यंदा आलेली संशोधक आमच्या घरचीच निघाली. माझी पुतणी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करते. प्रबंधिकेचा विषय: 'कासव पर्यटनाचा आंजर्ले गावातील कुटुंबांच्या उत्पन्नावर झालेला परिणाम'. विषय मंजूर, उद्दिष्टं मंजूर, गृहीतकंसुद्धा मंजूर. एकच रकाना रिकामा होता, 'संशोधन आराखडा'. त्यावर गाइडने शेरा मारला होता, 'योग्य तो निवडा.' वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मात 'अपेक्षा: अनुरूप' असं लिहितात, तेवढीच मदत ह्या शेऱ्याने होत होती.

तिच्याजवळ एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात आराखड्यांची नावं ओळीने दिलेली: वर्णनात्मक, शोधक, सहसंबंधात्मक, प्रायोगिक, अर्धप्रायोगिक, व्यक्ती-अभ्यास, शिवाय मिश्र. प्रत्येकाचे फायदे आणि तोटे. ती ते वाचून रोज एक नवा आराखडा पसंत करायची आणि संध्याकाळी मोडायची. मुख्य म्हणजे आराखडा ठरायच्या आधी साठेक प्रश्नांची प्रश्नावली तयार होती आणि तिच्या झेरॉक्ससुद्धा काढून झाल्या होत्या. "आता प्रती फुकट कशा घालवायच्या?" असं म्हणून तिने आराखडा सर्वेक्षणाचा धरला आणि ती शेजारी गेली.

शेजारच्या आजोबांची मुलाखत मी गडग्याच्या अलीकडून ऐकली.

"आजोबा, कलमं किती आहेत?"

"आहेत दोनचार."

दोनशेच्या खाली एक नाही. पुतणीने '२ ते ४' लिहिलं.

"वर्षाचं उत्पन्न?"

"कसलं गो उत्पन्न! मोहोर सगळा करपला."

"तुमच्याकडे पाहुणे राहतात ना? किती येतात?"

"येतात कोणकोण."

रात्री ती लॅपटॉप उघडून बसली आणि म्हणाली, "काका, एक्सेलमध्ये 'कोणकोण' कसं भरतात?"

आजोबा खोटं बोलले असं कुणी म्हणू नये. आमच्याकडे आकडा मोठ्याने उच्चारला की दृष्ट लागते, आणि दृष्ट नाही लागली तर भाऊबंद लागतात. ज्याच्या सातबाऱ्यावर वीस नावं आहेत आणि त्यातली पंधरा मुंबईत राहतात, तो माणूस आंब्याच्या पेट्या परक्या वहीत कशाला लिहू देईल? सर्वेक्षणाच्या पुस्तकात ह्याला प्रतिसादातली त्रुटी म्हणतात. इथे तो शहाणपणा समजतात.

गंमत म्हणजे ह्या मौनावरचा उतारा मराठी माणसांनीच फार पूर्वी शोधून ठेवलाय. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे ह्यांनी १९४०च्या दशकात पीक कापणी प्रयोगाची पद्धत देशभर रुजवली. पानसे-सुखात्म्यांचं १९५४चं पुस्तक कृषी पदवीधरांच्या पिढ्यांनी अभ्यासलं. पद्धत अशी की शेतकऱ्याला काही विचारायचंच नाही. सोडत काढून शेत निवडायचं, शेतातली जागाही सोडतीने ठरवायची, दोरी लावून चौकट आखायची, आतलं पीक कापायचं, मळायचं आणि तराजूत घालायचं. तराजूला भाऊबंद नसतात.

त्यातही भांडण झालंच. कलकत्त्याचे महालनोबिस म्हणत, चौकट लहान असली तरी चालेल, जागा जास्त घ्या. सुखात्मे म्हणत, लहान चौकटीत उत्पन्न फुगून येतं, कारण दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो, आणि चौकट जितकी लहान तितका कडेच्या रोपांचा हिस्सा मोठा. देशातले दोन थोर संख्याशास्त्रज्ञ आणि वाद कशाचा, तर हद्दीवरच्या रोपाचा! हा वाद कोकणात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

भात कापून तोलता येतं. घराचं उत्पन्न कुठल्या चौकटीत कापणार? पुतणीने प्रश्नावल्या बाजूला ठेवल्या (पाठकोऱ्या असल्यामुळे काकूने, म्हणजे माझ्या बायकोने, त्या लगेच ताब्यात घेतल्या) आणि दुसऱ्या दिवशी 'आधी आणि नंतर' हा आराखडा काढला. कासवं बघायला पाहुणे येऊ लागण्याआधीचं उत्पन्न, नंतरचं उत्पन्न, दोघांतला फरक म्हणजे कासवाची देणगी. दिसायला सोपं. पण मधल्या काळात खाडीवर पूल झाला. पूर्वी हर्णैकडून येणारा माणूस होडीतून खाडी ओलांडायचा, आता गाडी दारात येऊन उभी राहते. मधल्याच काळात घरोघरी मोबाइल आले आणि मुंबईची पोरं महिन्याच्या महिन्याला पैसे धाडू लागली. वाढलं ते कासवाने, पुलाने, की पोराने?

ह्या चुकीचा अस्सल नमुना शेजारच्या आजोबांच्या कलमांत उभा आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांनी कुठलंसं नवं खत आणून आळ्यांत घातलं आणि यंदा हापूस असा लगडला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तेव्हापासून ते भेटेल त्याला त्या खताचं नाव सांगतात. आता हापूस वर्षाआड धरतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एक साल भरघोस, दुसरं साल रितं. माणूस खत कधी घालतो? झाड रितं गेलं की. म्हणजे खतानंतरचं साल हे बहुतेक वेळा झाडाचं धरण्याचंच साल असतं. खताऐवजी आजोबांनी आळ्यात जुनी वर्तमानपत्रं घातली असती तरी आंबा आलाच असता, आणि मग त्यांनी वर्तमानपत्राचं नाव सांगितलं असतं. औषधं, योगासनं, सरकारी योजना आणि नवे मुख्याध्यापक ह्यांच्या यशाच्या बऱ्याच कथा ह्याच जातीच्या असतात: पडतं साल बघून आणलेले उपाय, चढत्या सालाचं श्रेय घेऊन बसलेले.

ह्यावर इलाज इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशरने सांगितला. तो १९१९ साली तिथे गेला तेव्हा खतांच्या प्रयोगांच्या वह्यांचे ढीग पडले होते. त्याचं म्हणणं असं की काही झाडांना खत द्यायचं, काहींना नाही, आणि कुणाला द्यायचं ते माणसाने ठरवायचं नाही, सोडतीने ठरवायचं. माणसाने ठरवलं की तो चांगल्या झाडाला देतो. कलमं उतारावर असतील तर वरच्या कातळाकडच्या पट्ट्यात वेगळी सोडत, खालच्या मातीतल्या पट्ट्यात वेगळी, म्हणजे माती-कातळाचा हिशेब खताच्या नावावर चढत नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठातली पोरं ह्यालाच 'आरबीडी' म्हणतात.

मी हे आजोबांना सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे निम्म्या झाडांना खत नाही घालायचं?"

"नाही."

"आणि कुठली उपाशी ठेवायची ते चिठ्ठीवर?"

"हो."

"दारातलं कलम माझ्या बापाने लावलंय. त्याची चिठ्ठी आली तर?"

फिशरच्या पद्धतीवर पुढे वैद्यकातल्या लोकांनी जे नैतिक आक्षेप घेतले, ते सगळे आजोबांच्या ह्या एका प्रश्नात होते. मी सरबत पिऊन परत आलो.

कलमांवर निदान सोडत काढता येते. माणसांवर कशी काढणार? "तुमची चिठ्ठी आली, तुम्ही उद्यापासून होमस्टे काढा, तुमची नाही आली, तुम्ही नुसते बसा," असं सांगायची सोय एम.ए.ला नसते. मग उरते ती आपोआप पडलेल्या फरकाची तुलना: होमस्टे काढणारी घरं एकीकडे, न काढणारी दुसरीकडे. पण होमस्टे काढला कुणी? ज्यांच्या खोलीला लागून बाथरूम होतं, ज्यांचा एक मुलगा गावात राहिला होता, ज्यांच्या दारापर्यंत गाडी येत होती त्यांनी. ती घरं कासव यायच्या आधीही बरी होती. आज त्यांच्याकडे पैसा जास्त दिसला तर तो कासवाच्या पाठीवर का मांडायचा?

फिशरचं नाव आमच्या स्वयंपाकघरात निघालं ते वेगळ्याच कारणाने. त्याची चहाची गोष्ट प्रसिद्ध आहे. रोथॅमस्टेडमध्ये म्युरिएल ब्रिस्टॉल नावाची शैवालांचा अभ्यास करणारी बाई होती. ती म्हणाली, कपात दूध आधी ओतलं की चहा आधी, हे मला चवीवरून कळतं. इतर हसले, फिशरने आठ कप मागवले. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम सोडतीने. तिला फक्त दूध-आधीचे चार ओळखायचे. आठांतून चार निवडायचे सत्तर प्रकार होतात, म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता सत्तरात एक. १९३५च्या आपल्या पुस्तकात त्याने ह्या आठ कपांवर अख्खं प्रकरण लिहिलं. (सत्तर कसे, ते मी इथे मांडून दाखवत नाही. शेजारच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. आमच्या पंचक्रोशीच्या वाटणीचं गणित त्यांनी तेव्हाच उरकलंय.)

तर काकूचा दावा असा की डोळे बांधले तरी देवगडचा हापूस कुठला आणि आपल्या बागेतला कुठला, हे ती एका फोडीत सांगेल. पुतणीने ताबडतोब आठ फोडींचा बेत मांडला. चार देवगड, चार आंजर्लं.

"मांड," काकू म्हणाली. "पण सगळे एका आढीतले हवेत. देवगडचा पिकून मऊ झालेला आणि आपला अर्धा कच्चा, असं केलंस तर मी काय, कावळाही ओळखेल. आणि देठाकडची फोड देठाकडच्या फोडीशीच लाव."

पुतणीने हे शब्दशः उतरवून घेतलं. जाडजूड पुस्तकात बाह्य चलांच्या नियंत्रणाचं प्रकरण आहे. त्यात हेच सांगितलंय, पण आंबा नसल्यामुळे ते समजत नाही. परीक्षा मात्र अजून झालेली नाही. देवगडची पेटी विकत आणायची कुणी, ह्यावर गाडी अडली आहे. आंजर्ल्याचा माणूस देवगडचा हापूस पैसे मोजून घेताना दापोलीच्या बाजारात कुणी बघितला, तर त्याने परत यायचं कोणत्या तोंडाने?

तोवर पुतणीने होमस्टेवाल्यांच्या मुलाखती उरकल्या. रस्त्यावरच्या पाट्या बघत गेली आणि प्रत्येकाला विचारलं, 'होमस्टे काढून फायदा झाला का?' झाडून सगळे 'हो' म्हणाले. ती खुशीत होती. मी तिला घेऊन कड्यावरच्या गणपतीला गेलो. उजव्या सोंडेचा गणपती, वर गेलं की खाली खाडी, माडांची दाटी आणि लांब सुवर्णदुर्ग. नारळ घेऊन उभ्या असलेल्या मंडळींकडे बोट दाखवून मी म्हटलं, "नवस फेडायला आलेल्या ह्या माणसांना विचार, नवसाला पावतो का?"

"सगळे हो म्हणतील."

"ज्यांना पावला नाही ते?"

ती जरा थांबली. "ते कशाला येतील?"

ह्यात गणपतीकडे काही बोट दाखवायचं नाही. सॅम्पल रांगेतून उचलणाऱ्याकडे दाखवायचं. उतरताना मी तिला आमच्या आळीतलं एक खुराडं दाखवलं. त्याचं दार म्हणजे एक रंगवलेली पत्र्याची पाटी होती, आडवी बसवलेली. मान वाकडी केली की वाचता येत होतं: 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. खाली फोन नंबर, त्यावर कोंबड्यांची शिट. हा होमस्टे दोन मोसम चालून बंद पडला. रस्त्यावरून त्याची पाटी दिसत नाही, म्हणून तो अभ्यासातही दिसला नसता.

तीच गोष्ट ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाची. त्या दुपारी आमच्या बागांतले माड आणि पोफळी अशा झोपल्या की घरातून कधी न दिसलेला समुद्र दिसायला लागला. नंतर अभ्यास करणारे आले आणि उभ्या राहिलेल्या माडांची मापं घेऊन गेले. पडलेले तोवर चुलीत गेले होते. आणि २ जूनला कुणीच काही मोजून ठेवलेलं नव्हतं. वादळ आराखडा मंजूर करून घेऊन येत नाही. त्याच साली मार्चपासून टाळेबंदी. पाहुणे आले नाहीत ते साथीमुळे की वादळामुळे, हे आता ब्रह्मदेवालाही सुटं करता येणार नाही. एक गोष्ट मात्र पंचनाम्यात लख्ख झाली. ज्यांची कलमं दोनचार होती, त्यांची पडलेली कलमंच पुष्कळ भरली.

मग सॅम्पल किती घरांचं, हा वाद निघाला. गाइडचं म्हणणं, शंभराच्या खाली नको. शंभर हा आकडा कुठून आला, हे कुणी विचारत नाही; तो भरल्या घरासारखा वाटतो एवढंच. कासवांचे शास्त्रज्ञ ह्या बाबतीत बरेच धीट. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष ह्यांनी वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं यंत्र चिकटवलं. ती प्रथमा. आंजर्ल्याची ती सावनी. पुढल्या महिन्यात गुहागरच्या तिघी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री. सगळ्या मिळून पाच. समुद्रात गेल्यावर काही महिन्यांत एकेकीचा सिग्नल बंद पडला. तरीही अंडी घालून ह्या बाया जातात कुठे, ह्या प्रश्नाला पाच पुष्कळ झाल्या, कारण आधी आपल्याकडे शून्य होत्या. आणि ओडिशातल्या गहिरमाथाला मार्च २०२१ मध्ये पंखाला बिल्ला लावलेली '०३२३३' नंबरची मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली, तेव्हा तर एकच पुरली. पूर्वेची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला, हा समज तिने साऱ्या देशाला वळसा घालून मोडला. 'कधीच नाही' हे मोडायला एक लागतं. 'किती' हे सांगायला मात्र शंभरही अपुरे पडतात. दरसाल घरटी वाढली असं आम्ही अभिमानाने सांगतो तेव्हाही घरटी वाढली की ती शोधणारी पोरं, एवढं विचारायला हवं. (हे मी गावात मोठ्याने बोलत नाही.)

एकाच ठिकाणी बैठक मारून काम करणारे लोक महाराष्ट्रात पूर्वी होऊन गेले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान ह्यांनी शंभर वर्षांपूर्वी एक गाव धरलं, पिंपळे सौदागर, आणि त्याची जमीन, बैल, कर्ज, तुकडे, सगळं घरोघर जाऊन मांडलं. पुस्तक १९१७चं. एका गावावरून देशाचं काय कळणार, असं तेव्हाही कुणी म्हटलं असेल. आज त्या गावात टॉवर उभे आहेत आणि तिथल्या शेतीविषयी जे बारकाईने माहीत आहे त्यातलं बरंचसं मानसाहेबांच्या त्या वहीतून आलेलं. खाडीपलीकडच्या मुरूडच्या कर्व्यांच्या सूनबाई, इरावती कर्वे, ह्यांनी तर माणसं मोजलीही आणि त्यांच्याबरोबर वारीत चालूनही पाहिलं.

ही नावं ऐकून पुतणीने सहभागी निरीक्षण करायचं ठरवलं, आणि वही घेऊन काकूच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात बसली. घरात पाहुणे होते, दोन कुटुंबं, कासवं बघून परतलेली, मोदकांच्या प्रतीक्षेत.

"नुसती बसू नको," काकू म्हणाली, "नारळ खवायला घे."

दोन नारळ खवून झाले, तिसरा अर्ध्यावर असताना मोदकपात्राखालची शेगडी फस्‌ करून विझली. काकूने मान वर करून भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. "अगो, बारा दिवसांत संपला!" तिने सिलिंडर बदलला, पदराला हात पुसले, खिळ्याला सुतळीने बांधलेलं बॉलपेन घेतलं आणि त्या तारखेच्या चौकोनात एक 'गॅ' लिहून त्याभोवती गोल काढला.

पुतणी खवणीवरून उठली. हाताला खोबरं तसंच. तिने मार्च उलटून फेब्रुवारी पाहिला, जानेवारी पाहिला.

"काकू, तू हे नेहमी लिहितेस?"

"मग? एजन्सीवाल्याला तारीख सांगावी लागते."

"मागच्या वर्षीचं कालनिर्णय?"

"फडताळात. डब्यांखाली अंथरायला."

फडताळ रिकामं करायला संध्याकाळ गेली. पोह्यांचा डबा उचलला की २०१४, पापडांचा उचलला की २००७, लोणच्याच्या बरणीखाली तेलाच्या वर्तुळात बसलेलं २००३. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं तेव्हा भिंतीवर ज्योतिष आणि पंचांग टांगलं. त्यातून महाराष्ट्रातल्या बायका घराची दप्तरं चालवतील, हे भविष्य त्यांनी वर्तवलं होतं की नाही, कल्पना नाही. चौकोनाचौकोनांत सगळं होतं. दुधाचे खाडे. 'गॅ' भोवती गोल. पाहुणे आले की आडनाव आणि माणसं: 'कुलकर्णी ४', 'पुण्याचे ६, मासे नको'. गडी आला-नाही आला. पूल सुरू झाल्यावर आलेली पहिली भाजीची गाडी. जुन्या वर्षांत सिलिंडर दीड-दीड महिना पुरत होता. अलीकडे जानेवारी ते मे महिन्यांत गोलांची दाटी. दृष्टीला घाबरून जे आकडे कुणाला सांगायचे नाहीत, ते घरातल्या बाईने एजन्सीसाठी बिनचूक टिपून ठेवले होते.

पुतणी नाचायची बाकी होती. पण तोवर ती बरीच बिघडली होती, म्हणजे शहाणी झाली होती. जेवताना मध्येच तिने विचारलं, "काकू, अंघोळीचं पाणी पूर्वी कशावर तापायचं?"

"बंबावर."

"मग गॅस पाहुण्यांमुळे वाढला की बंब गेल्यामुळे?"

काकूने आमटी वाढता वाढता सांगितलं, "बंब मोडीत घातला ती तारीखही असेल बघ. भांडीवाल्याने फसवलं, तेव्हा लिहिलंय." होती. आणि बंब गेल्यानंतरही दोन वर्षं गोलांची चाल जुनीच होती, मग ती बदलली.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर प्रश्नावली न नेता जुनी कालनिर्णयं मागत हिंडली. काहींनी ती बंबात घातली होती, काहींची उंदरांनी खाल्ली होती, आणि ज्यांनी ठेवली होती ती सगळी टापटिपीची घरं, म्हणजे तिथेही सॅम्पल वाकडं. तिने ते वाकडेपण एका परिच्छेदात प्रामाणिकपणे लिहिलं. शेवटी सहा घरं मिळाली: होमस्टे चालू असलेली तीन, कधीच न काढलेली दोन, आणि खुराड्याला पाटी लावलेलं एक. शेजारच्या आजोबांनी कालनिर्णय दिलं नाही. त्यांच्याकडे पंचांग असतं, आणि त्यात ते मोडीत लिहितात, "कुणाला वाचता येऊ नये म्हणून."

आराखड्याचा रकाना भरताना तिने पुस्तकातली सगळी नावं एका ओळीत जोडली: 'पूर्वलक्षी, मिश्र पद्धतीचा, तुलनात्मक बहुव्यक्ती-अभ्यास'. नाव लांबलचक झाल्यामुळे गाइड खूश झाले. शंभर घरांचा आग्रह त्यांनी सोडला, फक्त प्रत्येक घराकडून संमतीपत्र घ्यायला सांगितलं.

काकूने संमतीपत्र चष्मा लावून, विमा पॉलिसी वाचावी तितक्या संशयाने वाचलं आणि सही करण्याआधी अट घातली. बाकी सगळी पानं न्यावीत, मे २०११चं पान मिळणार नाही.

"त्यात काय आहे?"

"तुझ्या संशोधनाला लागेल असं काही नाही."

अभ्यासात भाग घेणाऱ्याला हवी ती माहिती न देण्याचा हक्क आहे, हे पुतणीच्याच कागदावर छापलेलं होतं. काकूने त्या ओळीवर बोट ठेवलं. पान निघालं आणि कुठल्या तरी डब्याखाली परत गेलं, ह्या वेळी कुलपाच्या कपाटात. कोष्टकात शेकडो महिन्यांमध्ये एक चौकोन कोरा राहिला. गाइडने त्याभोवती लाल पेनने गोल करून 'का?' असं विचारलंय. पुतणीने त्या कोष्टकाचा फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं, 'काका, हे तुम्हीच सांगा.' मी दोन दिवस आठवतोय. त्या मेमध्ये मी गावात होतो की मुंबईला, हे कळलं तरी काही धागा लागेल. पण तेही त्याच पानावर लिहिलेलं असणार.